हॅटची पिन

यंगस्टाउनमध्ये शनिवारी, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये,
घडीच्या टेबलांमागे पैलवान मांडले होते,
जुन्या बाजारात भांडी मांडतात तसे:
कुणाला पोचा आलेला, कुणाचा कान उडालेला,
आणि पुढ्यात दराचा पुठ्ठा.
सही वीस. फोटो तीस.
दोन्ही मिळून पंचेचाळीस.

रांगेत माझ्यापुढे मर्ल, काखेत जाड फाईल.
त्याला एकही कुस्ती आठवत नाही,
गल्ला आठवतो.
"एकोणऐंशीचा मार्च. साडेतीन हजार तिकिटं.
मग टीव्हीवाले आले आणि गावोगावचे फड मोडले."
मागचा पोरगा म्हणाला, मोडायलाच हवे होते,
पैलवानाला तेव्हा पेट्रोलचेही पैसे सुटत नसत.
"आणि आता सुटतात? आता तर
नावसुद्धा कंपनीच्या तिजोरीत!"
भागधारक असल्यासारखे भांडत होते दोघं.
माझा बाप भट्टीवर आठवडाभर भाजून निघायचा;
त्याला या धंद्यातलं एवढंच कळायचं
की रेफरी आंधळा आहे.

कोपऱ्यातल्या टेबलाशी कुणीच नव्हतं.
पुठ्ठ्यावर नाव: वेंडेल स्टकी.
या नावाला कुणी कधी शिवी दिली नव्हती.
आम्ही दिल्या त्या काउंट ऑर्लॉफला.
काळा झगा, दाढीला तेल,
मुठीत डोळ्यांत फेकायचं मीठ.
ते नाव विकलं गेलं, एकदा नव्हे, तीनदा.
शेवटी ज्यांनी घेतलं त्यांचा वकील
दरवर्षी पत्र पाठवतो: झगा घालू नये.
म्हणून हा स्वेटर घालून बसला होता,
नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतातला म्हातारा,
ज्याने रशिया नकाशातही धड पाहिला नसेल.

मी म्हटलं, माझी आई, लुडमिला हृवनाक.
चौऱ्याहत्तर साली. तिसरी रांग.
तुम्ही आमच्या बर्नी मिहालिकला दोरांत अडकवून
पाठीमागून...

"डावी मांडी," तो म्हणाला.
"निळी हॅट. हॅटवर चेरी.
पिन अशी एवढी लांब."
आणि टेबलाखाली हात नेऊन
पँटवरूनच ती जागा चाचपली.
"मालकाने त्या रात्री पाकिटात
पंचवीस डॉलर जास्तीचे घातले.
म्हणाला, बायका टोचायला लागल्या
म्हणजे महिनाभर हाउसफुल्ल."
हसला. दात नवे होते.
"टाके मात्र माझ्या खर्चाने."

मी मनात आमच्या बाजूचा हिशेब मांडला.
तीन तिकिटं, बस, बापाची अर्ध्या पाळीची मजुरी,
आईची चर्चची हॅट, जी पिनेवाचून
पुढच्या रविवारी वाऱ्याने नदीत गेली.
रागाचे पैसे रोख मोजले आम्ही;
त्याच्यापर्यंत पोचले ते
कापून, चुरगळून, उशिरा.

"अजून चिडते का माझ्यावर?"

सांगितलं, आता आश्रमात असते.
मला मावशीच्या नावाने हाक मारते.
घास तोंडात ठेवून विसरते.
बराच वेळ तो पेनाचं टोपण चावत राहिला.
मग फोटोवर लिहिलं, लुडमिलाला,
आणि दाराकडे एकदा बघून
खाली ते बंदी असलेलं नाव,
झोकदार, शेपटीसकट.

"वीस," म्हणाला, आणि हात पुढे केला.

दिले. बरं झालं त्याने मागितले.
फुकट दिला असता
तर वाटलं असतं, माणूस चांगला आहे,
आणि मग आईच्या पिनेचं काय करायचं?

मर्ल बाहेर पार्किंगमध्ये
अजून कुणाला तरी आकडे सांगत होता.
फोटो मी शेजारच्या सीटवर ठेवला, पट्टा लावून.
उद्या रविवार, भेटीचा दिवस.
दाखवण्याआधी आईच्या केसांतल्या
पिना काढून घ्यायला हव्यात.