गुरुवारची मंडळी

तिकिटाच्या खिडकीमागे, माझ्या डोक्यावर
एक झरोका आहे, तळहाताएवढा.
पलीकडे पुरुषांचं वाफघर.
एकोणीस वर्षं मी या मंडळींना ओळखते
ते आवाजांवरून,
आणि दाराशी काढून ठेवलेल्या बुटांवरून.

बाहेर उणे बावीस. तळ्यावरचा बर्फ मध्येच तडकतो.
आत तापल्या दगडांवर पळीभर पाणी पडतं, चर्र,
आणि वाद सुरू होतो.

रायनर मोजणी खात्यातून निवृत्त.
कुणी म्हणालं, तळं इथून पाच मिनिटांवर,
तर तो विचारणार: कुणाच्या पायांनी?

काउकोचा एकच मासा आहे.
तो गळाला लागला त्याला जमाना झाला,
पण वाढायचा थांबलेला नाही.
मी नोकरीला लागले तेव्हा चार किलोंचा होता,
यंदा त्यानं होडी ओढून नेली.

ओस्सी महिन्यातून एकदा कायमचा जातो.
"पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही!"
दार आपटतो, टॉवेल विसरतो,
आणि पुढच्या गुरुवारी टॉवेल न्यायला येतो,
तिकीट काढून.

आर्वो वरच्या फळीवर, कोपऱ्यात.
अकरा वर्षांत एकदाच बोललाय: "दार लावा."
त्याचा अर्थ काय, यावर अजून मतभेद आहेत.

आणि एन्सिओ.
तुम्ही तोंड उघडायच्या आत
त्याचं "तसं नाही" घोंगड्यासारखं पसरलेलं असतं.
मी एकदा नुसतं म्हटलं, आज गुरुवार.
त्यानं सुट्टे पैसे मोजले आणि विचार करून म्हणाला,
"तसं म्हणता येणार नाही."

नोव्हेंबरात लिबान आला. पोरगेला, बस चालवतो,
आई मोगादिशूहून आलेली, हा इथलाच.
त्यानं आपलं साधं विचारलं:
पाणी किती टाकायचं?

अरे बाबा.
त्या रात्री कुलूप लावायला मला साडेअकरा वाजले.
रायनर पळीचं माप काढत होता,
काउको माशापर्यंत पोचला होता,
ओस्सी कायमचा गेला,
आणि एन्सिओ सांगत होता, पाणी आपण टाकतच नसतो,
दगड मागतात.
लिबान पुढच्या गुरुवारी स्वतःची पळी घेऊन आला.

जानेवारीत एन्सिओचे बूट दिसेनात,
ते तपकिरी, डाव्याला नाडीऐवजी विजेची तार.
एक गुरुवार. दोन.
तिसऱ्या गुरुवारी रायनर म्हणाला,
रेल्वेचा पूल अठ्ठावन्न साली झाला.
आणि थांबला.
कुणीच काही बोललं नाही.
त्याचं वाक्य आत तसंच राहिलं,
कुणी न उचललेल्या ओल्या टॉवेलसारखं.
काउकोचा मासा आठ किलोंवर उतरला.
ओस्सीनं जायची धमकीसुद्धा दिली नाही.

मग वरून, कोपऱ्यातून,
घसा खाकरल्याचा आवाज.
"एकसष्ट," आर्वो म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं.
आत गलका उसळला, पळी पडली,
कुणीतरी हसलं, बहुतेक लिबान,
आणि पूल तासभर
कधी अठ्ठावन्नात, कधी एकसष्टात उभा राहिला.

फेब्रुवारीत एन्सिओ कुबडी टेकत आला.
खुब्याचं ऑपरेशन. मी म्हटलं, बारीक झालात.
तो म्हणाला, तसं नाही, कोट मोठा झालाय.
आत गेला. क्षणभर शांतता.
मग त्याचा आवाज, झरोक्यातून, खणखणीत:
"एकसष्ट? कुठला मूर्ख म्हणाला एकसष्ट?
साठ!"

उन्हाळ्यात सुतार येतो, दरवर्षी विचारतो,
बाई, हे भोक बुजवू का, उगाच ऊब वाया जाते.
मी म्हणते, राहू दे,
मला इथे हवा लागते.