शेवटांची वही

पेलोतासमध्ये थंडीत धुकं दुपारपर्यंत हलत नाही.
दिर्सेउ भातगिरणीची रात्रपाळी उरकून येतो,
पाठ फुगलेला जुना टीव्ही लावतो,
कार्ट्रिजमध्ये फुंकर मारतो,
उपयोग नाही हे ठाऊक असून.

वहीत चारशे बारा शेवट.
‘राजकन्या सुटते. तीन ओळी. दुसरीत स्पेलिंग चुकलंय.’
‘किल्ला कोसळतो. आवाज नाही.’
मग नावं वर सरकू लागतात,
तीही तो उतरवून घेतो, टोपणनावांसकट.
कुणीतरी रंगवले होतेच ना ते ढग.

जुसारा विचारते, बाबा, हे कशाला?
भाड्याची कार्ट्रिज, तो म्हणतो,
सोमवारी परत द्यावी लागायची.
शेवट कायम दुसऱ्या पोरांच्या घरी.

काल विमानांचा एक खेळ संपला.
म्हणजे, शेवटचं जहाज फुटलं
आणि पहिलंच आकाश पुन्हा आलं,
जरा वेगाने.
पेन बराच वेळ हातात.
‘शेवट नाही’ असं लिहिलं, खोडलं.
गिरणीचा भोंगा झाला
तेव्हा डबा भरता भरता, उभ्यानेच:
‘पुन्हा तेच. शत्रू तेवढेच.
यावेळी वाट माहीत आहे.’