तीन हजारांवरचं टेंगूळ

एम. जी. रोडवरून साडेचारशेला इयरफोन आणले.
दुकानदार म्हणाला, ताई, आवाज कसा समोर येतो बघा.
आला खरा समोर.
इतका, की गाणाऱ्या बाईचं नाकच माझ्या कानात.
तबल्याची शाई खरवडून कुणी पत्रा मढवलेला,
पेटीला पडसं,
आणि तंबोरा कुठेतरी मागे,
पाहुणे आले म्हणून कपाटाआड उभा केल्यासारखा.

रात्री आलेख काढला.
खर्जाकडून निघालेली रेघ बरीच सरळ चालते,
आणि तीन हजारांच्या थोडं पुढे
हायवेवरून जाताना पांडवलेणीची टेकडी उठते
तशी एकदम उठते.
बस, एवढंच टेंगूळ.
पण त्याच्यापायी स ला धार चढते, च टोचतो,
चांगला ओला गळा दोरीवर वाळत घातलेला वाटतो.
माणूस तोच,
तोंडावर फक्त ट्यूबलाइटचा उजेड.

फोनमधल्या पट्ट्या सरकवल्या. सहा डेसिबल खाली.
टेकडी बसली.
तंबोरा मुकाट्यानं कपाटाआडून निघाला
आणि आपल्या जागी येऊन बसला.

अण्णांनी तांबट लेनमध्ये चाळीस वर्षं हंडे मठारले.
एकेका घागरीवर हजारो ठोके,
आणि प्रत्येक ठोक्यानं जाता जाता
कानातलं कणभर काहीतरी नेलं.
आता सिन्नरहून इंदूआत्याचा निरोप आला
की ते मान हलवतात आणि भलतंच उत्तर देतात.
परवा ती म्हणाली, अंगणात साप.
यांनी ऐकलं, अंगात ताप.
गोळी घे म्हणाले, पांघरूण घेऊन पड.

आज माझे इयरफोन त्यांच्या कानात घातले,
तोच निरोप पुन्हा लावला.
कपाळाला आठी.
"पाण्यातून बोलतेय ही."
मग आठवलं, पट्ट्या.
सहाच्या सहा डेसिबल परत वर सोडले.

अण्णा खुर्चीत ताठ.
"साप?"
मग जरा थांबून,
"मारला का सोडला?"

ठोक्यांनी त्यांच्या कानाला जिथे पोचा पाडला,
त्याच्याच आसपास कुठेतरी
कुठल्याशा कारखान्यातल्या कुणाची तरी चूक
उलट्या बाजूनं वर आली होती.
भांड्याचा पोचा बाहेरून ठोकून निघत नाही,
आत हात घालावा लागतो,
हे मला त्यांनीच सांगितलेलं,
मी आठवीत असताना, वैतागून,
मी त्यांची कळशी पाडली तेव्हा.

आता ते आत्याला फोन लावून बसलेत.
ओरडून बोलतायत, सवयीनं,
आणि तिला म्हणतायत, अगं, ओरडू नकोस.
इयरफोन काही परत मिळायचे नाहीत.
गाण्यासाठी मला दुसरे बघावे लागणार,
सपाट,
आणि जरा महाग.