बाबा इल्काची खळ

इथं आजीला बाबा म्हणतात.
पहिल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या बाईंना
'बाबा' म्हणताना जीभ अडखळली,
जालन्यात पप्पांना ऐकू जाईल की काय, अशी.

विदिन गाव डॅन्यूबच्या काठावर.
पलीकडे रोमानिया, अलीकडे आम्ही दोघी:
टोंगाची लुपे आणि मी, शुलमिथ.
एक सोलापुरी चादर, नावाचे दोन बिल्ले,
आणि पत्रकांची पिशवी, जी संध्याकाळी
सकाळइतकीच जड असते.

दारं उघडतात. तेवढं खरं.
समोरची मान खाली-वर हलते,
मी हरखून पाऊल पुढे टाकते,
आणि दार लागतं.
इथं खाली-वर म्हणजे नाही. आडवी म्हणजे हो.
आणि तोंडानं म्हणतात, "ने."
सहा महिने झाले तरी माझ्या कानांना ते
'घेऊन जा' असंच ऐकू येतं.
काय नेऊ, आजोबा?
तुम्ही अजून दिलंय कुठं काही.

लुपे हसते. थंडीनं तिचे ओठ उललेत,
हसली की रक्त येतं, तरी हसते.

अक्षरं मी मेलेल्यांकडून शिकले.
प्रत्येक इमारतीच्या दारावर त्यांचे कागद:
फोटो, नाव, जाऊन किती झालं.
चाळीस दिवस. सहा महिने. अकरा वर्षं.
इंग्रजी पी दिसतो तो र निघतो, एच दिसतो तो न,
बी समजून जिथं थांबले तिथं होता व.
न अडखळता वाचलेलं पहिलं वाक्य
रेल्वेतल्या एका फोरमनबद्दल होतं:
आम्ही तुला विसरलेलो नाही.
(आमच्या पाठ्यपुस्तकात पहिलं वाक्य आहे,
हे सफरचंद आहे.)

ऑक्टोबरात सगळं आवार
भाजलेल्या ढबू मिरच्यांनी दरवळत होतं.
बाकावर बाबा इल्का बसल्या होत्या,
मांडीवर परात, कोपरापर्यंत लाल.
"कागदवाल्या ना तुम्ही?"
आम्ही दोघींनी माना हलवल्या,
तिनं आडवी, मी उभी.
"माझ्या कामेनला शनिवारी वर्ष होतंय.
मुलगा स्पेनमध्ये. गुडघा हा असा."
आणि आत जाऊन तिनं तिचेच कागद आणले, तीस,
दह्याच्या बादलीत कणकेची खळ,
रंगाचा झडलेला ब्रश.
"उंच लावा. मागच्या वेळी कुत्र्यांनी ओढले."

बेकरीचं दार. पोस्ट. बसथांबा.
नदीकडच्या रस्त्यावरचं एक झाड,
तिथं आधीच तिघं होते, त्यांच्यात जरा जागा केली.
लुपे उंच, ती लावायची, मी खळ फासायची.
थंडीनं बोटांवरच खळ आळत होती.
एकानं टोपी काढली.
एक बाई दळण-बिळण काहीतरी खांद्यावर घेऊन
तशीच उभी राहिली,
ओठ हलवत शेवटच्या ओळीपर्यंत गेली.
माझ्या हातातला कागद
कुणी पुरता वाचायची ही पहिलीच वेळ.

'ने'वाले आजोबाही थांबले.
"कामेनची तू कोण?"
शेजारी म्हणायचं होतं. शब्द आठवेना.
मी बादली दाखवली.
त्यांनी बराच वेळ बादलीत पाहिलं.

रात्री वहीत आकडे लिहायचे असतात:
दारं किती, बोलणी किती.
लुपेनं लिहिलं, तीस.
मी खोडलं.
तिनं परत लिहिलं.

सोमवारी घरी फोन. पडद्यावर पप्पा,
मागं भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर, अजून जुलैवरच.
"काय गं, आता ओळखतं का तिथं कुणी?"
मी मान हलवली. आडवी. चांगली जोरात.
पप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.
"असू दे," म्हणाले, "पहिलं वर्ष असंच जातं बाळा."
अहो पप्पा, तसं नाही, म्हणायला तोंड उघडलं,
तर रेंज गेली.