शेवटची वीस मिनिटं

रडायचंय ना? मग अशा आत या.
हसवणारे तिकडे, दाराशी,
उन्हानं त्यांची कव्हरं विटलीत.
रडवणारे मी गल्ल्यापाशी ठेवते, हाताला लागतील असे.
मोकपो बंदरातल्या बायका मासे साफ करून थेट इथंच येतात,
कॅसेटी परत येतात तेव्हा
त्यांना एखाददुसरं खवलं चिकटलेलं असतं.

ही बघा. यात तो दीपगृहावर नोकरीला,
ती बेटावरच्या शाळेत बाई.
पत्रं पोचतात, सगळी, अगदी वेळेवर.
फक्त बोट पोचत नाही.
दोन रुमाल पुरतील.

ही नको. पहिल्यांदाच नेत असाल तर नकोच.
हिच्यात मरत कुणीच नाही.
दोघं म्हातारी होतात, एकाच गावात, दोन घरांत,
आणि बाजारात गाठ पडली की
एकमेकांना मुळ्याचा भाव विचारतात.
माझी नणंद ही पाहून आठवडाभर भांडी आपटत होती.

आणि ही...
थांबा, हिचं जरा वेगळं आहे.

ज्या हिवाळ्यात लोक बँकेपुढे रांगा लावून
देशाचं कर्ज फेडायला घरातलं सोनं देऊन आले,
त्या हिवाळ्यात गोदीतला वेल्डर यायला लागला, प्यो दोक-सू.
बोटावर अंगठीच्या जागी नुसतं पांढरं वळं.
"शेवट वाईट असेल अशी द्या," म्हणाला,
खानावळीत कुणी म्हणावं तसं,
तिखट जरा सढळ हातानं टाका.
बायकोचं मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

भिंतीवर पाटी आहे, वाचलीत ना?
टेप मागे गुंडाळून परत करावी.
हा कधी गुंडाळायचा नाही.
मी दंड लावायची, तो निमूट मोजायचा,
सुटे पैसे, काजळीनं काळे झालेले.

एका रात्री मीच गुंडाळायला बसले
आणि ध्यानात आलं,
टेप दर खेपेला तिथंच थांबलेली,
शेवटाच्या वीसेक मिनिटं अलीकडे.
दवाखान्याचं दार उघडायच्या आधी.
ती खोकते आणि रुमाल उलगडून बघते, त्याच्या आधी.
बोट धक्का सोडते, अजून नजरेत असते, तेव्हा.

सतरा सिनेमे.
सतरा जणी त्यानं वाचवल्या, एका बटणावर.

मग उरलेली वीस मिनिटं मी बघायला लागले.
दुकान लावून घेऊन, आवाज अगदी बारीक,
आतून नवरा ओरडायचा, विजेचं बिल तुझा बाप भरणार का.
पण कुणीतरी बसायला हवंच होतं.
मेलेल्या माणसापाशी रात्रभर कुणी ना कुणी बसतं,
ही तर रोज एक होती.
पाऊस खोटा असायचा, नळीचं पाणी स्पष्ट दिसायचं,
तरी मी बसायची.

ही त्यानं नेलेली शेवटची.
चार दिवस ठेवली. परत आणली ती
पूर्ण गुंडाळून, अगदी पहिल्या चित्रापर्यंत.
मी दिव्याखाली धरून बघितली, हलवून बघितली.
शेवट पाहिला असेल का?
पाहवला नसेल आणि आधीच मागे फिरवली असेल?
गुंडाळलेली टेप काही बोलत नाही.
"दंड?" त्यानं विचारलं.
म्हटलं, आज नाही.
जाताना त्यानं दार ओढून घेतलं, एरवी उघडंच टाकायचा.
पुढे कोजेच्या गोदीत काम लागलं असं ऐकलं,
कुणी म्हणतं, नाही, गावीच गेला, कांदे लावतो.

तर ही न्या. दोन रात्रींचे हजार वॉन.
शेवट नाही सांगत, काळजी नको.
कुठंही थांबा, हवं तिथं थांबा.
पाटीकडे बघू नका.
तुम्ही मात्र गुंडाळू नका.