नंतर

ग्रिम्सबीच्या नेत्रविभागात, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर
तो आला उजवा डोळा तळव्यानं झाकून.
विल्फ्रेड हार्कर, वय चौऱ्याहत्तर,
चाळीस वर्षं ट्रॉलरांची जाळी विणलेला.
म्हणाला, सिस्टर, या खिडकीला पडदा नाही का?
बाहेर नेहमीचंच राखाडी आभाळ,
तेवढा उजेडही टोचत होता त्याला.

आमच्या मिरजेत म्हणतात, डोळे आले.
पाहुणे आल्यासारखे येतात, चार दिवसांनी जातात.
हे तसलं नव्हतं.
चिपडं नाहीत, खाज नाही,
लाली फक्त बुबुळाच्या कडेनं, बांगडीसारखी,
आणि ठणका आत, दाढेचा असतो तसा.

डॉक्टर अडेयेमींनी दिवे मालवले,
त्याच्या डोळ्यात उजेडाची एक उभी चीर सोडली
आणि मला म्हणाल्या, ये, बघ.
कौलाच्या फटीतून कवडसा पडतो
आणि त्यात धूळ तरंगते, निवांत, वरखाली,
तसे पांढऱ्या पेशींचे कण
बाहुलीपुढच्या पाण्यात फिरत होते.
सुंदर दिसत होतं.
असं म्हणू नये. पण दिसत होतं.

दर तासाला एक थेंब.
घरी घालायला कुणी नाही, म्हणून मी त्याला शिकवलं:
मान मागे, खालची पापणी ओढा, छताकडे बघा.
अंधारात सुतळी ओवणारे हात ते,
थेंब मात्र तीनदा गालावर.

मग पुसता पुसता म्हणाला,
नऊ दिवसांपूर्वी टोचून घेतलं मी,
सहाव्या दिवशी हे.
त्याच्यामुळेच ना?

नंतर आणि मुळे.
माझ्या भाषेतली ही दोन घरं, मधली भिंत एक,
एकाचं पत्र कायम दुसऱ्याच्या दारात पडतं.
कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली,
आई म्हणायची. आणि लगेच म्हणायची,
पण कावळा किती जड होता तेही बघावं.

मला आमच्या गल्लीतली एस्तेरमावशी आठवली.
देवी आल्या तेव्हा ती सात वर्षांची.
चेहराभर वण, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं.
टोचणारा माणूस त्यांच्या वस्तीत
पुढच्या वर्षी आला.
हे मी विल्फ्रेडला सांगितलं नाही.
त्याचा डोळा दुखत होता,
दुसऱ्याच्या डोळ्यानं काय आराम पडणार?

माहीत नाही, म्हटलं. खरंच नाही माहीत.
पण कळवू या.

अर्ज भरला दोघांनी मिळून.
काय घेतलं, कधी घेतलं, काय झालं, केव्हापासून.
संशय, एवढंच विचारतात. खात्री कुणी मागत नाही.
कळवणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव, मार्था सदामते.
म्हणाला, आता मला एखाद्या खणात टाकतील.
मी म्हटलं, जाळंच आहे हे, मिस्टर हार्कर,
तुमची एक गाठ.
एका गाठीत मासा सापडत नाही.

तो हसला, पहिल्यांदाच.
एक सुटली तर निसटतो मात्र.

सात आठवड्यांनी पुन्हा आला. पाणी स्वच्छ.
बाहुली एका बाजूला किंचित चिकटून राहिलेली,
चिंचोक्यासारखी.
कळवल्याची पोच आली का, विचारलं त्यानं.
आली होती. एक क्रमांक.
तो त्यानं टोपीच्या आतल्या पट्टीवर
बॉलपेननं लिहून घेतला, हळूहळू, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

पुढच्या हिवाळ्यात परत टोचू का?
डॉक्टरांशी बोला, म्हटलं मी,
आणि खिडकीकडे पाहिलं. तिला पडदा अजून आलेला नाही.

त्याच आठवड्यात मीही घेतली होती लस,
इथल्याच फ्रीजमधली.
माझे डोळे ठीक आहेत.
हेही नंतरच.