निघण्याआधीची यादी

आधी गाडी समतल कर, मारिसेला, बाकीचं मग.
वाटीत पाणी घे, ओट्यावर ठेव.
पाणी ज्या अंगाला कलेल
त्या अंगाच्या चाकाखाली फळी सरकव.
नाहीतर फ्रिज रुसतो,
आणि तू रात्रभर झोपेतच
उतारावरून घरंगळत राहतेस.

काळी टाकी आधी, करडी नंतर.
उलट कधीच नाही.
भांड्यांचं साबणपाणी मागून सोडलं
की तेच नळी धुऊन काढतं.
हातमोजे घाल. वारा कुठून येतोय बघ.
तू नर्स, घाण तुला माझ्याहून जास्त ठाऊक,
तरी पहिल्यांदा सगळेच मान फिरवतात
आणि मान फिरवली की नळी सुटते.
वेल्डनची सुटली होती.
त्याचे ते बूट मी युमाच्या रस्त्यावरच सोडले.

गरम पाणी येईस्तोवर जे गार येतं
ते बादलीत धर, बटाटे धुवायला होतं.
अंघोळ म्हणजे भिजणं, नळ बंद,
साबण, मग पुन्हा नळ.
मधल्या वेळात कुडकुडायचं.
जानेवारीतलं हे वाळवंट दिवसा लोण्यासारखं मऊ असतं,
पहाटे दात दाखवतं,
म्हणून रात्री नळी आत घे, पायाशी गुंडाळून ठेव, मांजरासारखी.
छताची झडप बोटभर उघडी राहू दे,
आपलाच श्वास काचेवरून ओघळतो
आणि गादीखाली जाऊन बुरशी होतो.
थंडी वाजेल.
वाजू दे.

बँकेतला पोरगा विचारेल, राहता कुठे?
हसू नकोस, पत्ता सांग.
माझा पत्ता म्हणजे दक्षिण डाकोटात
एका दुकानाच्या मागच्या खोलीतली पत्रपेटी,
तळहाताएवढी.
त्या गावात मी जन्मात एकच रात्र झोपलेय.
त्या रात्रीची पावती अजून आहे माझ्याकडे.
माझ्या घराचं तेवढंच खरेदीखत.

एक वस्तू आत आली की एक बाहेर.
हा नियम वेल्डन माझ्या पुस्तकांना लावायचा,
स्वतःच्या पान्यांना नाही.
अकरा पाने अजून माझ्या पलंगाखाली वाजतात,
वळणावर.

आणि ही बघ, स्टिअरिंगशेजारच्या चिकटपट्टीवर
त्याच्या हातची:
पायरी. अँटेना. गॅस. झडप.
कप्प्यांच्या कड्या. फळ्या.
आर्डिथ.

हो, मीच.
डेमिंगच्या पेट्रोलपंपावर मी कॉफी आणायला उतरले,
त्याला वाटलं, मागे झोपलेय.
तीस मैल तो माझ्याशी बोलत गेला म्हणे,
पुलाबद्दल, टायरांबद्दल, भावाच्या उधारीबद्दल,
आणि मी काहीच खोडून काढत नाही
तेव्हा कुठे त्याला शंका आली.
तो परत येईस्तोवर दोन्ही कॉफ्या मीच प्यायले होते.
भांडलो नाही. त्यानं पेन काढलं
आणि यादीत सर्वांत खाली मला लिहिलं, फळ्यांच्याही नंतर.

तिसरा हिवाळा आहे हा, त्याच्याविना.
अजूनही किल्ली फिरवण्याआधी
मी यादी मोठ्यानं वाचते.
पायरी, घेतली. अँटेना, खाली.
कड्या हातानं ओढून बघते, डोळ्यांवर विश्वास नाही.
शेवटच्या नावाला
काही दिवस लगेच ‘आहे’ म्हणता येतं,
काही दिवस इंजिन गरम होईपर्यंत थांबावं लागतं.
शेजारच्या ट्रेलरमधला ऑर्विल समजतो, म्हातारी प्रार्थना करते.
समजू दे.

तू तुझी यादी तुझ्या अक्षरात लिही.
तेरा आठवड्यांनी इस्पितळ बदलेल, गाव बदलेल,
यादी तीच राहील.
एकटी आहेस म्हणून
स्वतःचं नाव गाळू नकोस.

झाली समतल?
मग ते वाटीतलं पाणी फेकतेस कशाला,
एवढ्यात दोन कप चहा होतो.